पहिला चीक
खरवस वाफवायला ठेवला आणि जायफळाचा वास घरभर पसरला की मला पंचवटीतल्या त्या लहानशा प्रसूतिगृहातली खाट आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी लेक पहाटे जन्मली होती आणि दुपार झाली तरी उपाशीच होती, कारण चांदवडहून आलेल्या सासूबाईंनी बजावलं होतं, "तीन दिवस पाजायचं नाय. ते पिवळं दूध लय जड, पिळून टाकायचं." त्या तिला बोटाने गूळपाणी चाटवत होत्या. ती ओठ हलवायची आणि पुन्हा रडायची. माझी छाती ठणकत होती, पण उलट बोलायची हिंमत नव्हती. तेवढ्यात फरशी पुसणारी मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजी, घरी गाय हाय का?" "दोन हायेत," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या. "मग व्याली की पयला चीक कोणाला?" "वासराला. नायतर ते धड उभं राहत नाय." एवढं बोलून सासूबाईंनी रडणाऱ्या नातीकडे पाहिलं. गूळपाण्याची वाटी त्यांनी स्वतःच पिऊन टाकली आणि बाळ माझ्या कुशीत दिलं. "तिला तोंड मोठं उघडू दे, मग जवळ घे," मावशीने सांगितलं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा लेकीने घट्ट धरलं आणि वॉर्डात फक्त तिचं गटगट ऐकू येत राहिलं. आजही दूधवाला चीक घेऊन आला की मी पातेलं पुढे करण्याआधी विचारते, "वासराचं पोट भरलं का?"