खिशातले हात

भांडण सुरू झालं की इतर माणसं बाह्या सरसावतात; आमचा नाना दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचा. ज्याला हे ठाऊक नसायचं त्याला वाटायचं, गडी घाबरला. तेवढ्यात नानाचं कपाळ त्याच्या नाकावर आदळलेलं असायचं. माघारी सगळे त्याला एडका म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आमच्या ऑर्केस्ट्रात तो कीबोर्ड वाजवायचा आणि मी गायचे. चिंचवडपासून चाकणपर्यंत हळदी, वाढदिवस, जत्रा करत आम्ही हिंडलो, आणि जिथे जिथे सूर लावला तिथे तिथे नानाने कुणाला तरी टक्कर दिलेली मी पाहिली आहे.

"हात वाजवायला, डोकं मारायला," तो म्हणायचा. "देवानंच वाटनी करून दिलीय ताई. आपुन कशाला घोळ घालायचा?"

नाना याच पट्ट्यातला, जुन्या घरातला. जमीन कारखान्यांत गेली तेव्हा बदल्यात एका कंपनीत नोकरी मिळाली होती. तिथल्या सुपरवायझरने त्याला प्रेस मशीनवर उभं राहायला सांगितलं. आमच्या पट्ट्यात प्रेसने बोटं नेलेली माणसं घरटी सापडतात. चहाच्या टपरीवर कप धरणारे हात पाहिले तरी कळतं. नाना म्हणाला, पॅकिंगला टाका, झाडू मारायला लावा, प्रेसवर जानार न्हाई. सुपरवायझरने त्याचं मनगट धरून त्याला मशीनकडे ओढलं. मग काय व्हायचं ते झालं. सुपरवायझरचे पुढचे दात गेले आणि नानाची नोकरी गेली. घरी बायको महिनाभर बोलली नाही, तरी याला खंत म्हणून नाही. "नोकरी दुसरी भेटंल. बोट कुठं भेटतंय?" हा त्याचा हिशेब, आणि मला तो तेव्हाही पटला होता.

कीबोर्डला तो बाजा म्हणायचा आणि आईने शिवलेल्या गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर आणायचा. स्टेजवर पोचला की आधी पिशवीतून एक बल्ब काढायचा. दोन वायरी जोडलेल्या होल्डरमधला तो बल्ब मंडपवाल्याच्या बोर्डात खुपसायचा. बल्ब नीट पेटला तर बाजा जोडायचा, फडफडला तर मंडपवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. एकदा सांगवीत नवऱ्या मुलाच्या मावसभावाने नाचता नाचता बाजावर बिअरचा ग्लास ठेवला. नानाने गाणं पुरं केलं. ग्लास अलगद उचलून खाली ठेवला, रुमालाने हात पुसले आणि खिशात घातले. मी माइकवर "आता थोडी विश्रांती" म्हणेपर्यंत मावसभाऊ खुर्च्यांमध्ये आडवा झाला होता. "ह्यो बाजा हाय, टेबल न्हाई," एवढंच नाना त्याला म्हणाला. बिदागी बुडाली ती आमची सगळ्यांची. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो मान खाली घालून गोधडी बांधत राहिला.

पण भांडण दुसऱ्यांचं असलं की हाच माणूस जागचा हलत नसे. याला कारण होती देहूजवळची एक जत्रा. तिथे चार टाळकी एकमेकांना भिडली होती, आणि नेमका तेव्हाच जनरेटर बंद पडला. गाणं थांबलं तशी सगळी माणसं एकदम उठली, एकदम पळाली आणि एक म्हातारी पायांखाली आली. तिला उचलून रिक्षात घालताना नानाच्या शर्टाला लागलेलं रक्त मी पाहिलं. ती वाचली नाही. तेव्हापासून नानाचा दुसरा नियम झाला. "वाजत ऱ्हायलं की भांडण चार जनांचं ऱ्हातं. थांबलं की समद्यांचं हुतं. कायबी होऊंद्या, थांबायचं न्हाई."

दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे होते. ते एकमेकांसमोर उभे ठाकतील हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

निघोज्याच्या बाजूला कामगारांच्या चाळींमधल्या बोळात एक हळद होती. दोन्हीकडे भिंती, मागे पत्रे, पुढे मंडपाचं तोंड. स्टेजसमोर बायका पोरं मांडीवर घेऊन दाटीने बसलेल्या. कुठलं गाणं आधी यावरून नवऱ्या मुलाचे मित्र आणि त्या गल्लीतली पोरं मंडपाच्या तोंडाशीच जुंपली. आधी शिव्या, मग खुर्च्या, मग कुणीतरी मंडपाचा पाइपच उपसला. एकाचं डोकं फुटलं. आमचा ढोलकीवाला आणि ऑक्टोपॅडवाला उड्या टाकून पळाले. मागच्या पत्र्यांत एक फट होती, तिच्यातून एका वेळी एकच बाई निघू शकत होती.

"ताई, तू म्हन," नाना म्हणाला. "थांबू नगंस."

मी गायले. काय गायले ते आठवत नाही. बायका एकेक करून फटीतून सरकत होत्या, पोरांना पुढे देत होत्या, आणि गाणं चालू आहे म्हणून रांगेत सरकत होत्या. एवढ्यात पाइप घेतलेला पोरगा स्टेजवर चढला. "ए, बंद कर बाजा!" नानाने त्याच्याकडे पाहिलं. हात खिशात घालायला त्याला पुरेसा वेळ होता. बाजाला वळसा घातला असता तर त्या पोराचं नाक राहिलं नसतं. मी त्याचं कपाळ आवळलेलं पाहिलं. मग त्याने फटीकडे पाहिलं आणि मान खाली घालून वाजवत राहिला.

पहिला पाइप डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पीकरच्या दणदणाटातही ऐकू आला. नाना ओरडला, पण उजव्या हाताने गाणं ओढत राहिला. मीही गात राहिले, रडत, बेसूर. पोराने दुसऱ्यांदा पाइप उचलला, तिसऱ्यांदा उचलला. मोडलेला उजवा हात पट्ट्यांवर तसाच पडून राहिला आणि त्याच्याखाली एक सूर लांबत गेला. लोकांनी पोराला खाली ओढून तुडवला तेव्हाही तो सूर वाजतच होता. शेवटी मीच वायर उपटली. समोर पाहिलं तर सतरंजीवर एकही पोर नव्हतं.

डॉक्टरांनी सळया घातल्या. हाडं जुळली, पण बोटं आखडली ती आखडलीच. बाजा गोधडीत गुंडाळून कपाटावर गेला. नंतर कधी भेटला तरी नानाचे हात खिशात असायचे. आधी मी दचकून आजूबाजूला पाहायचे, आता कुणाचं नाक फुटणार म्हणून. मग कळलं की तो भांडत नव्हता, लपवत होता. ज्या माणसाने हात राखायला नोकरीवर लाथ मारली त्याचेच हात गेले, याचा मला आजही संताप येतो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीची हळद झाली. डीजे लावला होता. जेवणाच्या वेळी एक पाव्हणा पिऊन आला आणि बायकांच्या पंगतीसमोर खुर्ची उगारून उभा राहिला. आम्ही जुनी मंडळी सवयीने नानाच्या कपाळाकडे बघू लागलो.

नाना शांतपणे पुढे गेला. त्याने उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि त्या पाव्हण्याच्या अशी सणसणीत कानाखाली ओढली की तो खुर्चीसकट बसला.

नानाने आयुष्यात कुणाला चापट मारलेली मी पाहिली नव्हती. मी धावत गेले. तो आपल्या वाकड्या, लाल झालेल्या पंजाकडे टक लावून पाहत होता.

"नाना, लागलं का हो?"

"न्हाई गं," तो म्हणाला. "आता राखायचं काय हाय त्यात?" आणि हसायला लागला. त्या हसण्याने मला रडू फुटलं. डीजे चालूच होता. थोड्या वेळाने नाना पंगतीत बुंदी वाढायला गेला, आखडलेल्या बोटांत पळी अडकवून, सगळ्यांदेखत.