मासळीच्या वासाचा स्वेटर

जपानात ओसाकाच्या त्सुरुहाशी बाजारात किमची, म्हणजे कोबीचं मुरवलेलं तिखट लोणचं, विकणारी जमसुन आमच्यासारखीच इथली कोरियन. तिचा थोरला भाऊ गीतै तरुणपणी जहाजाने उत्तर कोरियात गेला, तो तिकडचाच झाला. दम्याचा माणूस, आणि तिकडची थंडी तर हाडं गोठवणारी. दर हिवाळ्याआधी जमसुन औषधं आणि लोकरी कपडे खोक्यांत भरून निईगाता बंदरातून त्याच जहाजमार्गाने पाठवायची. त्या ऑक्टोबरात तिकडच्या सरकारने अणुबॉम्बची चाचणी केली आणि इकडच्या सरकारने त्यांच्या जहाजांना बंदरच बंद केलं. तिकडचा माल आणायलाही बंदी. बॉम्ब फोडणारे बसले उबेत, आणि कुडकुडायचं कुणी, तर गीतैने! बांधलेल्या खोक्यांशेजारी जमसुन डोक्याला हात लावून बसली.

गिऱ्हाइकंही तोंड फिरवू लागली. शेजारची मासळीवाली कावाबे पक्की जपानी, जिभेने तिखट, एरवी किमचीच्या वासावरून रोज भांडणारी. अशाच एका गिऱ्हाइकाला ती सगळ्यांदेखत म्हणाली, “बॉम्ब काय हिने बरणीत मुरवलाय?” मग जमसुनकडे वळली. “खोकी जात नाहीत ना? मग तू जा. अंगावरचे कपडे कोण तोलतंय?”

आमची माणसं तिकडे जायची ती अशीच, जाताना गलेलठ्ठ आणि येताना वाळकुडी. कावाबेने बाजारभर फिरून कपडे गोळा केले. एकावर एक स्वेटर चढवून, पिशवीत औषधं घेऊन जमसुन चीनमार्गे विमानाने गेली. सर्वांत आतला स्वेटर कावाबेच्या वारलेल्या नवऱ्याचा होता. त्याला ती कुणाला हात लावू देत नसे.

गीतैने तोच आधी अंगात घातला, हुंगला आणि हसता हसता रडायला लागला.

“कुणाचा गं हा? मासळीचा वास येतोय.”

जमसुनने सगळं सांगितलं. त्याने कावाबेसाठी सुकवलेली अळंबी दिली, ती परतताना ओसाकाच्या विमानतळावर बंदीपायी काढून घेतली गेली. पण त्याने आणखी एक काम सांगितलं होतं.

आमच्यात थोरल्याने धाकट्यापुढे लवायची रीत नाही, आणि कावाबे तर जमसुनहूनही लहान. तरी दुसऱ्या सकाळी भरबाजारात जमसुनने गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ जमिनीला लावलं.

“दादाचा नमस्कार आहे हा. आता झोप लागते म्हणाला.”

कावाबेने हातातली सुरी खाली ठेवली.

“ऊठ गं बाई, फरशी ओली आहे,” ती म्हणाली, आणि स्वतःच त्या ओल्या फरशीवर तिच्यासमोर बसली.