कळपापुढे पळणारे तात्या

तात्यांना मी चालताना फारसे पाहिलेच नाही. साठी उलटलेला माणूस, गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर, खांद्यावर घोंगडी आणि सदैव पळत. मागून मेंढरे. बाकीचे मेंढपाळ कळपाच्या मागे काठी घेऊन चालतात. तात्या पुढे पळायचे आणि तोंडाने ‘हाऽ हुर्र, हाऽ हुर्र’ असा आवाज काढायचे. तो ऐकला की तोंडातला पाला टाकून कळप त्यांच्या मागे निघायचा. पडेगावच्या माळावर आम्ही घर बांधले तेव्हा आजूबाजूला दुसरे घर नव्हते. आमचे पहिले शेजारी तात्याच, आणि त्यांची हुर्र कानावर पडली की मी चहाचे आधण ठेवायची.

आमच्या ह्यांना त्याच सुमारास डॉक्टरांनी रोज सकाळी पळायला सांगितले होते. ह्यांनी पांढरे बूट आणले आणि दारापासून बाभळीपर्यंत पळून हाशहुश करत परत यायला लागले. तात्या टायरच्या वहाणांवर समोरून पळत यायचे. एक दिवस त्यांना राहवेना. “सायेब, मागं कोण लागलंय का?”

“वजन उतरवायचंय, तात्या.”

“मंग दोन मेंढरं घ्या की. आपसूक उतरतंय. रिकामं कशाला पळता?”

आमचे हे आठ दिवस घुश्शात होते. पण तात्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. मागे कुणी नसताना माणूस कशासाठी पळेल, हे त्यांना खरोखरच कळत नव्हते.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या लोकांत शर्यत असे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तोंडात बोट घातले. जो तो आपल्या कळपापुढे पळतो. हातात काठी नाही, दोरी नाही, ढकलायला मागे माणूस नाही. फक्त हाक. रंगवलेल्या शिंगांची, गोंडे बांधलेली मेंढरे धुरळा उडवत मागे येतात. जो आधी पोचला तो जिंकला, असे मुळीच नाही. ज्याचा कळप न फुटता त्याच्या मागे आला, तो जिंकला. एकटाच पुढे जाऊन पोचलेल्याची तर वर्षभर टिंगल होते. तात्या दरसाल जिंकायचे. मी कौतुक केले, तर म्हणाले, “पळाया काय, कुत्रं बी पळतंय. मागं कोण येतंय त्येला किंमत हाय, बाई.”

मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांची मी ‘बाई’. वर्गात पोरांना पुढे जा, पुढे जा असे सांगताना पुष्कळदा हे वाक्य मला आडवे यायचे.

पुढे माळावर घरे झाली, आमची कॉलनी झाली, आणि सव्वीस जानेवारीला धावण्याची स्पर्धा निघाली. तात्यांनाही आग्रहाने उभे केले. शिट्टी वाजली आणि तात्या सुटले ते सुटलेच. कॉलेजातली पोरेही मागे पडली. फीत चार हातांवर राहिली तेव्हा त्यांनी वळून पाहिले, मागची फाटाफूट पाहिली आणि ते चक्क थांबले. कमरेवर हात ठेवून ओरडायला लागले, “या की रं! हाऽ हुर्र! सायेब, चला, आलंच आता!” तेवढ्यात एक पोरगा शेजारून निसटला आणि फीत तोडून गेला. तात्या उभेच. सगळ्यात शेवटी लाल चेहऱ्याने आलेल्या आमच्या ह्यांचा दंड धरून त्यांनी ह्यांना रेषेपलीकडे नेले, तेव्हाच त्यांना बरे वाटले. बक्षीस त्या पोराला मिळालेले पाहून ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “समद्यांला टाकून आला, त्येला बक्षीस देता व्हय तुम्ही?” आम्ही पोट धरधरून हसलो. पण खरे सांगते, त्या दिवशी त्यांच्याइतका मोठा माणूस त्या मैदानावर दुसरा नव्हता.

मग लागोपाठ दुष्काळ आले. गवत उगवले नाही, आणि जिथे उगवले असते तिथे प्लॉटच्या खुंट्या आणि काटेरी तारा आल्या. आम्ही टँकरची वाट बघत बसायचो. तात्या कळप घेऊन दौलताबादच्या डोंगरापर्यंत जायचे. संध्याकाळी परतताना ते चालत असायचे. त्यांचा मुलगा बिडकीनकडे कंपनीत लागला होता, तो “आता पुरं करा” म्हणून मागे लागला. खाटीक दारात येऊन बसला. तात्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. कळप दिला तो भाचीच्या नवऱ्याला, सोपानला. त्याच्या विहिरीला अजून पाणी होते.

मेंढरे मात्र सोपानच्या मागे जाईनात. तात्यांनी त्याला हाक शिकवली, चार दिवस त्याच्याबरोबर राहून आले, तरी तेच. सोपान पार वैतागला. पाडव्याला चारचौघांत फजिती झाली तर मी खाटकालाच देऊन टाकीन, असे तो बोलून गेला होता. तात्यांनीच ते मला सांगितले. “म्या जाणारच नाय शर्यतीला. माझा वास जरी लागला तरी इस्कोट व्हईल.”

पण पाडव्याला सकाळी सोपान स्वतः न्यायला आला. “मामा, तुमच्या हातानं नारळ फुटल्याबिगर म्या पळणार नाय.” नाही म्हणवेना. नारळ फोडून तात्या वाऱ्याची दिशा पाहून गर्दीच्या पार मागे, आमच्याजवळ येऊन उभे राहिले. पटका तोंडावर ओढून घेतला.

सोपान पळाला. निम्म्या मैदानापर्यंत कळप नीट आला. मग पुढची मेंढी थबकली. तिने नाक वर केले, वळली आणि अख्खा कळप गर्दीतून वाट काढत तात्यांच्या भोवती येऊन उभा राहिला. लोकांनी टाळ्या पिटल्या, “वा रं तात्या!” म्हणून आरोळ्या ठोकल्या. पलीकडे सोपान मान खाली घालून एकटा उभा होता.

तात्यांनी पटका काढला, धोतर खोचले, आणि ‘हाऽ हुर्र’ करत ते सोपानच्या दिशेने पळाले. कळप मागे. जवळ जाताच ओरडले, “पळ रं! हाक दे!” दोघे शेजारी शेजारी पळू लागले, दोघांची हाक एकात एक मिसळली. मग तात्यांनी आपली हाक हळूहळू बारीक केली आणि तोंड मिटले. पाऊल आखडले. शेवटी ते मैदानाच्या मध्येच डोळे मिटून उभे राहिले. सोपान गळा फाडून ओरडत पळत होता. मेंढरे तात्यांपाशी येऊन दोन्ही अंगांनी फुटली आणि पुढे गेली. एक म्हातारी मेंढी तेवढी थांबली, त्यांच्या पोटरीला तोंड घासत राहिली. तात्यांनी तिला हात लावला नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि तीही धुरळ्यात गेली.

मी धावत त्यांच्याजवळ गेले. डोळे मिटलेलेच होते.

“समदी गेली का, बाई?”

“गेली, तात्या. एकही मागे राहिली नाही.”

“मंग जिंकलं पोरगं,” ते म्हणाले, आणि मटकन खाली बसले.