मागच्या दाराचं हँडल

आमचा मामा भित्रा आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की भाचीने मामाला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. झुरळ दिसलं की तो खुर्चीवर उभा राहतो. रस्त्यात कुत्रं भुंकलं की माझ्यामागे लपतो, आणि मी जेमतेम त्याच्या खांद्याला लागते! त्यात धंदा कुलूप-किल्ल्यांचा. ज्याच्याकडे चोरी होते तो दुसऱ्या दिवशी मामाच्या दुकानात येतो आणि सगळं साग्रसंगीत सांगत बसतो. जन्मभर हेच ऐकलेल्या माणसाला झोप कुठून लागणार? पुढच्या दाराला त्याने इतकी कुलपं लावलीत की पाहुणा आत येईपर्यंत चहा निवतो.

पण मागच्या दाराला कुलूप नाही. साधी कडीही नाही. ते मामीसाठी.

मामी शिवणकाम करायची. मग संधिवाताने तिची बोटं आत वळली ती वळलीच. एका दुपारी मामा दुकानातून घरी आला तर घरभर धूर. गॅसवरचं दूध आटून भांडं जळत होतं, मामीला बटण फिरवून गॅस बंद करता आला नव्हता, आणि ती मागच्या दाराशी जमिनीवर बसून खोकत होती. दाराचा गोल नॉब तिला फिरेना. किती वेळ झटत होती कोण जाणे, मनगटं सोलून निघाली होती. मामा त्या दिवशी ढसाढसा रडला. मग डोळे पुसून हत्यारं घेऊन बसला आणि रात्र पडायच्या आत त्याने घरातले सगळे गोल नॉब उपटून टाकले. त्यांच्या जागी खाली दाबायची हँडलं बसवली, कोपराने दाबलं तरी दार उघडावं म्हणून. मागच्या दाराची कडीही तेव्हाच काढली. पुढच्या दाराची कुलपं काही मामीला झेपणारी नव्हती, म्हणजे घरातून आपली आपण बाहेर पडायला तिला एवढीच वाट. "हे एक दार माझं," असं ती म्हणायची.

त्या दाराने ती रोज सकाळी अंगणात जायची, पक्ष्यांना दाणे घालायला. मामाने लोखंडी खांब रोवून त्यावर दाण्यांचे फीडर टांगून दिले होते, मनगटाने सरकतील अशी झाकणं करून. शिवण सुटल्यापासून मामीचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम उरलं होतं. चिमण्या आल्या की कोण लवकर आलं, कोण भांडलं, याची बातमी ती मला फोनवर द्यायची. मला कंटाळा यायचा, पण ऐकायचे.

मग फीडर रात्रीतून रिकामे व्हायला लागले. मामा म्हणाला उंदीर. त्याने खांबाला पत्र्याची चकती बसवली. चकती दुसऱ्या दिवशी चुरगळून गवतात पडलेली. आणि एका सकाळी बघतो तर खांबच जमिनीपर्यंत वाकलेला, फीडरचा चोथा झालेला. शेजारचे पोस्टमन कुंपणाशी येऊन बघून गेले.

"अहो, हे अस्वल," ते म्हणाले. "टेकडीवरून उतरतं. रात्रीचे दाणे बाहेर ठेवत जाऊ नका."

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खांब सरळ केला, नवे फीडर टांगले, पण त्या दिवसापासून दिवेलागणीला फीडर आत, दाण्यांचं पोतंही आत. कुठे? तर स्वयंपाकघरात, मागच्या दाराला लागून, म्हणजे सकाळी मामीच्या हाताशी येईल. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. काय अक्कल म्हणायची आमची! घरात एक मुरलेला कुलूपवाला, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्याला कोपर पुरतो त्या हँडलला पंजाही पुरतो.

मामीला ताप आला म्हणून मी मुक्कामाला गेले होते. त्यांची झोपायची खोली स्वयंपाकघराला लागूनच. मी तिथेच खाली गादी टाकली होती. मध्यरात्री मामाने मला हलवलं. त्याचा हात बर्फासारखा.

"स्प्रिंग वाजली," तो कुजबुजला. "मागच्या हँडलची."

"वारा असेल रे, झोप."

"वारा हँडल दाबत नाही, पोरी."

तेवढ्यात दार भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. आमच्या दाराच्या फटीतून गार हवा आत आली, आणि मागोमाग एक वास. ओल्या केसांचा, कुजकट. मग पोतं टर्रकन फाटलं. दाणे फरशीवर सांडत राहिले. काहीतरी चावत होतं, मधेच थांबून फुसकारत होतं. मामी जागी झाली होती. अंधारात तिचे डोळे मला दिसत होते. ती नुसती म्हणाली, "अहो..."

चावणं थांबलं. फरशीवर नखं वाजली, आणि आमच्या दारापाशी येऊन थांबली.

त्या दारालाही तसलंच हँडल.

मी मामाकडे पाहिलं, तर तो जागेवर नव्हता. झुरळाला घाबरणारा माझा मामा दाराला खांदा लावून उभा होता, दोन्ही हातांनी हँडल खालून वर रेटत. आणि ते हँडल खाली जात होतं. मी डोळ्यांनी बघितलं. सावकाश खाली, मग मामा रेटायचा, वर. पुन्हा खाली. मामा रडत होता, तोंडातून आवाज न काढता. पलीकडून श्वास येत होता, दाराच्या लाकडातून ऐकू येईल एवढा मोठा.

"कपाट!" मामी ओरडली. तिने पलंगावरूनच शेजारच्या पत्र्याच्या कपाटावर कोपर हाणला. मग दुसरा. मला तेव्हा कुठे कंठ फुटला. मी किंचाळत, लाथा घालत ते कपाट बडवत सुटले. दोघींनी मिळून असा काही गोंधळ घातला की पोस्टमनच्या घरात दिवे लागले.

हँडल सैल पडलं. नखं लांब गेली. मामाने हात सोडले नाहीत. उजाडलं तेव्हा त्याची बोटं मी एकेक करून सोडवली.

त्या दिवशी दाणे गेले, खांब गेला, फीडर भंगारात गेले. संध्याकाळी मामाने दुकानातून जाडजूड कुलूप आणि गोल नॉब आणला. मागच्या दाराला बसवायला घेतला. मामी खुर्चीत बसून बघत होती. त्याने शेवटचा स्क्रू पिळला तेव्हा ती उठून दारापाशी आली, दोन्ही मनगटांत तो नॉब धरून फिरवून पाहिला, तो हललाही नाही, आणि ती परत जाऊन बसली.

"ठीक आहे," म्हणाली. तिच्या मनगटांवर धुराच्या दिवसाचे डाग अजून होते.

मामाने ते डाग पाहिले. मग त्याने नॉब काढला, कुलूप बाजूला ठेवलं. हँडल उलटं बसवून पाहिलं, वर उचलून उघडेल असं, पण मामीच्या हातात तेवढा जोर नव्हता. शेवटी जसं होतं तसंच बसवलं.

पंधरवड्याने मी पुन्हा मुक्कामाला गेले. रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात मामाची खाट. मागच्या दाराला चिकटवलेली. मामा टक्क जागा, अंगावर पांघरूण, आणि एक हात वर करून त्या हँडलखाली धरलेला.

"मामा, काय हे! भीती नाही वाटत?"

"वाटते तर. बाहेर पान वाजलं तरी काळीज तोंडात येतं."

मी चिडलेच. "मग रात्रीपुरतं कुलूप लाव ना, शहाण्या! सकाळी उठलास की काढ."

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. मामीच्या घोरण्याचा आवाज येत होता.

"आणि सकाळी मी उठलोच नाही तर?" तो म्हणाला. "ती बाहेर कशी पडणार?"

मी पाणी प्यायचं विसरले. खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले.