कडकताई आणि पंच

कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली कडकताई म्हणायची. नाव पडलं ते कॉलरला लागणाऱ्या खळीमुळे, आणि टिकलं ते जिभेमुळे. गिऱ्हाइकानं काउंटरवर शर्ट टाकला की ताई आधी कॉलर बघायच्या, मग गिऱ्हाइकाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "शर्ट धुऊन देते हो, पण मान कोण धुणार?" माणूस ओशाळून हसायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याकडेच यायचा. कारण डाग काढावा तो ताईंनीच. शाई असो, ग्रीस असो, त्या डागाशी भांडल्यासारखं भांडायच्या आणि बहुतेक वेळा जिंकायच्या.

ताईंचं लग्न राहून गेलं होतं. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटी बहीण शाळेत होती. तिला सगळे चिमी म्हणत. चिमीला वाढवता वाढवता ताईंचं वय निघून गेलं, असं नातेवाईक हळहळून म्हणत. ताईंना मात्र त्याचं काही वाटत नसे. "नवरा असता तर त्याचेही शर्ट मलाच धुवावे लागले असते," त्या म्हणायच्या.

चिमी अगदी उलट. हसरी, विसरभोळी, कुठेही गेली की काहीतरी ठेवून येणारी. तिचं लग्न बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या एका इंजिनियरशी झालं. ताई त्याला दर्यावर्दी म्हणायच्या. तो वर्षातला निम्माअधिक काळ समुद्रावर, आणि घरात चिमी आणि तिचे सासरे. सासरे म्हणजे अण्णा. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले आणि तरुणपणी फुटबॉलच्या सामन्यांत पंचगिरी केलेले. गल्लीत त्यांना पंच हेच नाव होतं. कानानं अधू झाले तरी निकाल देण्याची खोड गेली नव्हती. टीव्हीवरच्या पंचालाही ते घरात बसून काढून टाकायचे.

आणि मग एका साध्यासुध्या दुपारी चिमी स्कूटरवरून पुलाच्या उतारावर घसरली. कुठल्याशा ट्रकमधून रस्त्यावर तेल सांडलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ताई रडल्या नाहीत. सगळं आटोपलं, माणसं पांगली, आणि ताईंनी दुकान उघडलं. लोक म्हणाले, "बाई खंबीर आहे." खंबीर कसली! आत काय चाललं होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्या दिवशी सकाळी चिमीचा फोन आला होता. "ताई, चल ना दुपारी, पडदे घ्यायचेत. तुझ्याशिवाय मला रंग कळत नाहीत." ताईंपुढे एका हॉटेलच्या टेबलक्लॉथचा डोंगर पडला होता. त्या म्हणाल्या, "तुला नसेल कामधंदा, मला आहे." आणि फोन ठेवला. बहिणीशी झालेलं शेवटचं बोलणं ते हे असं. ताईंना स्कूटरवर बसायची भीती. त्या गेल्या असत्या तर टॅक्सीच केली असती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? जिला सगळं सांगायच्या तीच गेली होती.

दर्यावर्दीची सुट्टी संपत आली, तसा अण्णांचं काय करायचं हा प्रश्न निघाला. नातेवाईक जमले. अण्णांवर सगळ्यांचं फार प्रेम होतं, ते प्रत्येकानं बोलून दाखवलं. मग एकाचं घर लहान निघालं, दुसऱ्याला जिने फार निघाले, तिसऱ्याच्या बायकोची पाठ ऐन वेळी धरली. पंच खुर्चीत बसून सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. ऐकू कमी येत होतं, पण काखा वर झालेल्या दिसायला कान कशाला लागतात?

"मी नेते त्यांना," ताई म्हणाल्या.

"अहो, पण तुमचं तसं नातं..." कोणीतरी चाचरलं.

"नात्याचं मी बघते. तुम्ही चहा घ्या आणि निघा."

ताईंचं कौतुक झालं. देवमाणूस आहे हो, असंही कोणी म्हणालं. पण ताईंना पक्कं माहीत होतं, हा चांगुलपणा नव्हे, ही शिक्षा आहे, आणि ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली आहे.

आता शिक्षा भोगायची तर ती अण्णांच्या अंगावर कशाला, हा साधा विचार ताईंच्या डोक्यात आला नाही. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांपैकी उजेडाची खोली त्यांनी अण्णांना दिली आणि स्वतः कपड्यांच्या गाठोड्यांशेजारी झोपू लागल्या. अण्णांचे बनियनसुद्धा इस्त्री होऊन येऊ लागले. उशीच्या अभ्र्याला खळ! रोज सकाळी अण्णांचा गाल उशीच्या कडेनं लालभडक झालेला असे. जेवायला मऊ भात, उकडलेल्या भाज्या, वर ग्लासभर दूध. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताई त्यांना कधीच उलटून बोलत नसत. जिच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून असे ती बाई अण्णांपुढे नुसती "बरं अण्णा" म्हणायची.

पंचांनी डिवचून पाहिलं. "आज भात करपला वाटतं," ते म्हणाले. भात करपला नव्हता.

"बरं अण्णा, दुसरा टाकते."

"टीव्हीचा आवाज वाढवू का?" आवाज आधीच खालच्या दुकानापर्यंत जात होता.

"वाढवा ना अण्णा."

पंच हताश झाले. ज्या मैदानात कोणी हुज्जतच घालत नाही तिथं पंचानं करायचं काय? वजन घटलं, चेहरा उतरला. तो पाहून ताईंनी दुधाचा ग्लास मोठा केला.

असे काही महिने गेले. एका दुपारी एक गिऱ्हाईक सूट न्यायला आलं आणि सहज बोलून गेलं, "ताई, तुमचे अण्णा वृद्धाश्रमात दिसले. माझ्या आत्याला भेटायला गेलो होतो, तर हे ऑफिसात बसून विचारत होते, जागा आहे का म्हणून."

ताईंच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. सुटाच्या बाहीतून धूर निघाला तेव्हा कुठं त्यांना भान आलं. गिऱ्हाइकाला त्या म्हणाल्या, "भरून देईन," आणि भर दुपारी शटर ओढून निघाल्या. चिमी गेली ती दुपार सोडली तर आजवर हे शटर दुपारी कधी पडलं नव्हतं.

वृद्धाश्रमाच्या बागेत एका बाकावर अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ताई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय कमी केलं मी?" त्या म्हणाल्या.

"काही कमी केलं नाहीत, म्हणूनच आलो," अण्णा म्हणाले. "तुमची सेवा आता सहन होत नाही मला. तुम्ही माझी एवढी उस्तवार करता आणि मी तर..." ते थांबले. मग नजर खाली घालून म्हणाले, "तुमची बहीण माझ्यामुळे गेली."

"काय?"

"कानाच्या यंत्राचा सेल संपला होता. दोन दिवस भुणभुण लावली होती मी. त्या दिवशी ती पडदे आणायला निघाली, तर म्हटलं, येताना सेल घेऊन ये. सेलचं दुकान पुलापलीकडे. नाहीतर ती बाजारातल्या रस्त्यानंच गेली असती. पुलावर जायचं तिला काही कारणच नव्हतं."

खरं तर इथं ताईंनी त्यांची समजूत घालायला हवी होती. कोणीही घातली असती. पण ताईंच्या अंगाचा असा तिळपापड झाला की बागेतल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या.

"तुमच्यामुळे? तुमचा काय संबंध? मी तिच्याबरोबर जायला नाही म्हटलं! मला कामधंदा आहे म्हटलं! मी गेले असते तर टॅक्सीनं गेलो असतो, मग सेल आणा नाहीतर हत्ती आणा!"

"पण पुलावर मी पाठवली!"

"स्कूटरवर मी बसवली!"

"अहो, सेल मी मागितला!"

"अण्णा, गप्प बसा! उठसूट सगळं स्वतःवर ओढून घ्यायचं! बहीण माझी होती!"

"आणि सून माझी होती!" पंच काठी टेकून उभे राहिले. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज असा चढला नव्हता. एखाद्या जमिनीच्या तुकड्यावरून भाऊबंद भांडावेत तशी दोघं त्या दोषावरून भांडत होती, आणि कोणी तसूभर सोडायला तयार नव्हतं.

व्यवस्थापक बाई धावत आल्या. "अहो, हळू बोला, आत माणसं झोपलीत. काय झालं? कोणी कोणाचं काय घेतलंय?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि त्या मट्कन बाकावर बसल्या. मग आजवर न आलेलं रडू आलं. ते काही सिनेमातल्यासारखं देखणं रडू नव्हतं. नाक वाहत होतं, उचकी लागली होती आणि पदर अपुरा पडत होता. अण्णांनी खिशातून रुमाल काढून दिला. तोही कडक इस्त्रीचा. त्यानं नाक पुसणं म्हणजे पुठ्ठ्यानं पुसण्यासारखं.

"हा रुमाल आहे की पाट?" ताई रडता रडता म्हणाल्या.

"मलाच विचारताय?" अण्णा म्हणाले. "त्या उशीवर एकदा झोपून बघा."

व्यवस्थापक बाईंना काही उमजेना. त्यांनी आपल्या दोन कप चहा पाठवून दिला.

संध्याकाळी दोघं घरी परतल्यावर बोटीवरून दर्यावर्दीचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावून त्याला सगळं सांगितलं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, अण्णा, तुम्ही दोघंही उगाच स्वतःला खाताय. स्कूटरचं मागचं टायर गुळगुळीत झालं होतं. मला दिसलं होतं. पुढच्या सुट्टीत बदलू म्हणून ठेवलं. तेल सांडलं असलं तरी चांगलं टायर असतं तर..."

ताई आणि अण्णांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू रांगेत मागे उभा राहा," अण्णा फोनमध्ये ओरडले. "तुझ्या आधी आम्ही दोघं आहोत."

तिकडे तो हसला की रडला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवसापासून तो फोनवर नुसतं "बरं आहे ना" विचारून फोन ठेवून देईनासा झाला. चिमीबद्दल बोलू लागला. ती कशी किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायची, बंदरावर घ्यायला आली तर दुसऱ्याच बोटीपुढे कशी हात हलवत उभी राहिली होती. तिघं हसायची, मग कोणीतरी दुसरी आठवण काढायचं.

दोष कोणाचा, याचा निकाल काही लागला नाही. पंचांनाही तो देता आला नाही. तेल सांडणारा ट्रकवाला कुठल्या कुठे निघून गेला होता. त्याला तर काही झाल्याचा पत्ताही नसेल. दुःख काही कमी झालं नाही. पण एकट्यानं उचलायचं गाठोडं तिघांच्या हाती आलं, एवढं खरं.

घरात मात्र पुष्कळ बदललं. ताई अण्णांवर खेकसू लागल्या. "पाय पुसून या! ती टीव्हीची बोंब कमी करा! भात करपलाय तर करपलाय, गिळा मुकाट!" अण्णांचं वजन वाढू लागलं. "तुम्ही" जाऊन "तू" कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. म्हणजे अण्णांकडून आलं, ताई अण्णांना शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिल्या, अगदी शिव्या घालतानासुद्धा. अण्णा खाली दुकानात येऊन बसू लागले. कपड्यांना चिठ्ठ्या लावायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात एका वकिलाची पँट एका डॉक्टरच्या घरी पोचवली. ताईंनी भर दुकानात त्यांची अशी हजेरी घेतली की गिऱ्हाइकं दाराबाहेर थांबली. अण्णा खाली मान घालून ऐकत होते आणि मिशीत हसत होते.

दोनेक वर्षांनी दर्यावर्दीनं बोटीवरची नोकरी सोडली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. बंदराच्या ऑफिसातल्या एका बाईंशी लग्न करायचं त्यानं मनात आणलं होतं, पण ताईंपुढे ते बोलायची त्याची छाती होईना. तीन वेळा तो शर्ट इस्त्रीला घेऊन आला आणि तीन वेळा नुसता शर्ट देऊन गेला.

"आता चौथा शर्ट आणू नकोस," ताई म्हणाल्या. "अण्णांनी सांगितलंय मला. कशी आहे ती?"

"चांगली आहे, ताई."

"किल्ल्या जागेवर ठेवते?"

तो हसला. डोळे मात्र भरून आले. त्या रात्री ताईंनी चिमीचा फोटो थोडा वेळ हातात धरला आणि मग पुन्हा जागेवर ठेवला. राग आला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

लग्नानंतर मुलानं अण्णांना न्यायचं ठरवलं. त्याचा तो हक्कच होता. ताईंनी अण्णांची बॅग भरली आणि बजावलं, "जा आता. सुटले एकदाची." पहिल्या दिवशी त्यांनी उजेडाची खोली धुऊन काढली आणि आपली गादी तिथं आणली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना उगाचच झापलं. तिसऱ्या दिवशी धुवायला राहून गेलेले अण्णांचे दोन बनियन सापडले. ते धुऊन, वाळवून, खळ न घालता घडी करून त्या टॅक्सीनं थेट नव्या घरी पोचल्या.

दार नव्या सुनेनं उघडलं. ताईंनी बनियन पुढे केले.

"हे राहिले होते," त्या म्हणाल्या. "द्यायला आले. बसत नाही, दुकान उघडं टाकून आलेय."

"या ना, ताई," ती हळूच म्हणाली. "बरं झालं आलात. मी कालपासून विचारतेय, काय हवं, काय नको. ते काही बोलत नाहीत. सकाळपासून बॅग भरून बाहेरच्या खोलीत बसलेत."