छपरीतली आरी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, पोरांना नाही. देवापुढे बसले तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटले. तुम्हालाच का सांगते आहे — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझे यजमान गोंदियात धानाच्या गिरणीत फिटर होते. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती आणि आमच्या घरात नुकती वीज आली होती. गिरणीत जळून पडलेली एक मोटर त्यांनी मागून आणली, तिची तार स्वतःच्या हातानं नव्यानं गुंडाळली आणि मागच्या छपरीत तिच्यावर चालणारी गोल आरी बांधायला घेतली. पट्टा गिरणीतला जुनाच, बेअरिंग भंगारातलं. गिरणीतून आले की चहा तिथेच प्यायचे.

आरीला टेबल हवं होतं, वाळलेल्या सागवानाचं. मी माहेरी तिरोड्याला गेले होते. परत आले, तर आईनं लग्नात दिलेली माझी सागवानी पेटी जागेवर नव्हती. तिच्या फळ्या आरीखाली ठोकलेल्या. माझी लुगडी गाठोड्यात. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"लाकूडच तं होय," ते म्हणाले. "काऊन रडून राहिली?"

कुचेष्टेनं नव्हे, खोटं कशाला बोलू? त्यांना खरंच कळलं नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

पण पेटीचं एवढं का सांगते आहे मी? तिच्याआड लपायला? पेटी मोडून तर महिने लोटले होते. माझं रडून, भांडून झालं होतं. आरी झकास चालत होती, आळीतले लोक फळ्या घेऊन यायचे, बघत उभे राहायचे. ते खूश होते आणि मला ते बघवत नव्हतं — एवढंच.

त्या दुपारी फळी अर्धी कापली असताना वीज गेली. तशी ती नेहमीच जायची. त्यांनी आरीचा खटका बंद केला — कधी विसरायचे नाहीत — आणि पात्यात अडकलेली ढलपी काढायला वाकले. खटका स्वयंपाकघराच्या दाराशी होता. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. माझ्या डोक्यावरचा दिवा लागला. छपरीत दिवा नव्हता, वीज आल्याचं त्यांना कळलं नाही.

मला कळलं. मी उठले, आणि खटका चालू केला.

नुसतं दचकवायचं होतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. हात दिसलाच नाही, असंही. दिसत होता. पात्याला लागून होता. दिसत होता.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यात बोलण्याइतके शुद्धीवर आले तेव्हा पहिलं त्यांनी हेच विचारलं — "खटका चालूच राहिला होता का व? तुनं पायलं ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. नाही?

"चालूच होता," मी म्हणाले. "तुम्ही भुलले."

त्यांनी ते मानलं. माझ्यावर विश्वास होता ना. गिरणीनं त्यांना फाटकावर बसवलं. आरी त्यांनी स्वतःच मोडायला लावली. पण बोटांपेक्षा वाईट ते पुढे झालं — त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला. कडी लावली का, चूल विझवली का, दहादा मला विचारायचे. थोरल्या पोराला यंत्रांची फार ओढ; त्याला हातोडीसुद्धा धरू दिली नाही. "आपल्या घराण्याचं ध्यान ठिकाणावर नसते," म्हणायचे. पोरगा आज कापडाच्या दुकानात गज धरून उभा असतो.

आणि मी? मी त्यांना माझ्या हातानं भरवायचे. बायका म्हणायच्या, बाई असावी तर अशी. मी ऐकून घेत होते. खरं सांगू? बरं वाटायचं.

ते गेले, त्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "माह्या चुकीनं तुले जन्मभर भोगा लागलं."

मी पुढचा घास त्यांच्या तोंडाशी नेला.