वरचं टोक

माझ्या ताईने बोटीबद्दल एकच प्रश्न विचारला होता. मी मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाहून फोनवर तिला सगळं सांगत होतो. जेवण कसं असतं, केबिन केवढी असते, उन्हाळ्यात तिकडे सूर्य मावळत नाही म्हणजे नेमकं काय होतं. ती हं हं करत होती. मग म्हणाली, "अगदी वरच्या टोकापर्यंत जाते का रे बोट?"

"जाते की. टोकाजवळच्या गावात दिवसभर थांबते. तिथून बसने वर नेतात."

"मग येते," ती म्हणाली.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर तालुक्याला खोली घेऊन राहायचं, आणि मुलगा एकटा राहिला तर खाणार काय, म्हणून सोबत बहिणीला पाठवायचं. आमच्याकडे बऱ्याच घरांनी तेव्हा असं केलं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सातवीनंतर घरीच होती. आठवी ते बारावी अशी पाच वर्षं तिने त्या खोलीत स्टोव्हवर माझ्यासाठी स्वयंपाक केला. तिला स्वतःला पुढे शिकायचं आहे का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही नाही विचारलं.

भूगोलाचे नकाशे मात्र ती भरायची. दुकानातून कोरे नकाशे आणायचे आणि त्यात नद्या, डोंगर, शहरं दाखवायची, असा गृहपाठ असे. माझा हात वाईट. ताई निळ्या पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून त्याची भुकटी करायची आणि कापसाच्या बोळ्याने किनाऱ्यालगत समुद्र घासायची. किनाऱ्याशी गडद, आत जाईल तसा फिका. युरोपच्या नकाशात नॉर्वेचा किनारा आला की ती वैतागायची. "हा देश म्हणजे उसवलेला पदर आहे नुसता," म्हणायची. पण प्रत्येक खाच नीट काढायची, आणि सगळ्यात वर, जिथे जमीन संपते, तिथे बारीक अक्षरात नाव लिहायची: नॉर्थ केप. नकाशांना दहापैकी नऊ मिळायचे. वहीवर नाव माझं असायचं.

हे सगळं मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवरून सांगितलं आहे. "मी आज जो आहे तो माझ्या ताईमुळे," असं म्हणून माईक खाली ठेवला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले होते. आपण कृतज्ञ माणूस आहोत याचं मला बरं वाटलं होतं. ताईचे यजमान गेल्यापासून ती गावी एकटी असते. या वर्षी जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आर्क्टिकची बोट ठरली, तेव्हा तिलाही न्यायचं असं मीच म्हणालो. आधी भारतात जायचं, तिला घ्यायचं, बोट करायची आणि परतताना तिने तीन महिने मेलबर्नला आमच्याकडे राहायचं, असा बेत होता.

सोबत माझा एक मित्र आणि त्याची बायको होती. तो आणि मी अ‍ॅडलेडला मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत एकत्र होतो. एका घरात सहा जण राहायचो, आळीपाळीने डाळ करायचो. आता दोघांनाही पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळाली, दोघांचीही घरं झाली. टोकावरच्या पोलादी पृथ्वीगोलाशी सगळ्यांनी एकत्र फोटो काढायचा, हे त्याने पाच महिने आधी ठरवलं होतं. त्या सहलीची तिकिटं मी घरबसल्या काढली होती. आमची चार: मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि ताई.

बोट टोकाजवळच्या त्या गावाच्या, होनिंग्सवोगच्या, धक्क्याला लागली त्या दिवशी सकाळी मुलीच्या अंगात ताप होता. आदल्या संध्याकाळपासून कसकस होती. बोटीवरच्या डॉक्टरने पाहिलं, घाबरण्यासारखं काही नाही, पण आज केबिनमध्येच झोपू दे म्हणाला. आमची बस नऊची. साडेआठला मी ताईला बोलवायला तिच्या केबिनमध्ये गेलो, तर ती कॉटच्या कडेला बसलेली होती. साडीवर नवीन जाकीट, गळ्यापर्यंत चेन लावलेली. डोक्याला लोकरी टोपी. पायात बूट. ते बूट घालून चालायची सवय व्हावी म्हणून तिने गावी महिनाभर अंगणात फेऱ्या मारल्या होत्या, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं.

तापाचं ऐकल्यावर ती तशीच उठून आमच्या केबिनमध्ये आली. मुलीच्या कपाळाला हात लावला.

बायको म्हणाली, "ताई, तुम्ही दोघं जा. मी थांबते हिच्यापाशी."

"तू कशाला थांबतेस? तुमची मित्रमंडळी आहेत खाली. तुम्ही जा, मी आहे ना," ताई म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

आता, आमच्याकडे हे कसं चालतं ते मला पक्कं ठाऊक आहे. पहिलं 'नको' हे नको नसतं. दुसरंही नसतं. जेवायला बसलेला माणूस 'पुरे' म्हणतो तेव्हा वाढणारा हात थांबत नाही. समोरच्याने आग्रह करायचा, हात धरायचा, रागवायचं, मग आपण कबूल व्हायचं. ताई आयुष्यभर असंच बोलत आली आहे आणि मी हे ऐकत वाढलो आहे. मी एकदा जरी म्हणालो असतो, "काही नाही, तू चल, मी थांबतो," तर ती गेली असती. कदाचित दोनदा म्हणावं लागलं असतं.

मी म्हणालो, "नक्की ना, ताई?"

हा आग्रह नव्हे. हा प्रश्न विचारणारा आपल्या मनाच्या समाधानासाठी विचारतो.

"हो रे. जा तुम्ही."

"ओके," मी म्हणालो.

इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात राहून मला एक सोयीची गोष्ट सापडली आहे. इथे कुणी नको म्हणालं तर ते नकोच असतं, पुन्हा विचारलं तर उलट आगाऊपणा वाटतो. ऑफिसात ते ठीकच आहे. पण त्या सकाळी मी माझ्या बहिणीला ऑफिसातला नियम लावला, आणि तो चुकून लावला नाही. खिशात फोन वाजत होता. मित्राचा मेसेज: "कुठे आहात मेट, बसचा नंबर पुकारला."

ताईने जाकीट काढलं. एक बाही उलटी झाली होती, ती तिने सरळ केली. मग घडी घालून सोफ्यावर ठेवलं आणि मुलीच्या उशाशी बसली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं.

लिफ्टमध्ये मला आठवलं की एक वाजता दुसरी बस आहे. आदल्या दिवशी दाराखालून सरकवलेल्या कागदावर मी ते वाचलं होतं. सकाळी मित्र जाईल, दुपारी ताईला घेऊन मी जाईन, असं सहज जमलं असतं. पण मग खाली रांगेत उभं राहून तिकीट बदलायचं, मित्राला समजावायचं, आणि तो फोटो व्हायचा नाही. लिफ्ट तळमजल्याला थांबली आणि मी बसकडे निघालो.

टोकावर आकाश स्वच्छ होतं. गाइड सांगत होती की इथे बहुतेकदा धुकं असतं, लोक हजारो मैलांवरून येतात आणि पांढऱ्या भिंतीकडे बघून परत जातात, तुमचं नशीब चांगलं. कड्याच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली थेट समुद्र. किनाऱ्याशी तो खरोखरच गडद निळा होता. मी तिथे फार वेळ उभा राहू शकलो नाही.

मित्राने विचारलं, "ताई नाही आल्या?"

"मुलीपाशी थांबली."

"लकी आहेस यार. घरचं माणूस बरोबर असलं की कसं बरं असतं. आम्हाला तर इथे कुणी नाही."

आम्ही गोलाशी फोटो काढले. रांग होती, मागचे लोक घाई करत होते. चौघंही हसलो.

साडेबाराला धक्क्यावर परत आलो, तर एकची बस समोरच उभी होती. बायको माझ्या आधी तिकडे गेली. ताईचं आणि मुलीचं अशी न वापरलेली दोन तिकिटं दाखवून तिने दारातल्या बाईला विचारलं की ही चालतील का. बाई म्हणाली, जागा आहेत, पण दहा मिनिटांत या.

"जा, घेऊन ये त्यांना," बायको म्हणाली. "मी जाते त्यांच्याबरोबर पुन्हा. मुलीपाशी तू थांब."

आमची केबिन सातव्या मजल्यावर होती. दहा मिनिटं पुष्कळ होती.

"अगं दमली असेल ती," मी म्हणालो. "आणि तू पुन्हा तीन तास बसमध्ये कशाला बसतेस? चल, जेवू या."

"दमली असेल? कशाने?"

मी बोटीकडे चालू लागलो. भूक लागली होती हे खरं. पण तिला आता नेलं असतं, तर सकाळीही नेता आलं असतं हे मान्य करावं लागलं असतं. ते मला नको होतं. बायको थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग माझ्यामागून आली. त्या बाबतीत ती मला आजपर्यंत काही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

केबिनमध्ये मुलगी बसून बिस्किट खात होती. ताप उतरला होता. "आत्या वॉज जस्ट लुकिंग आउट द विंडो, डॅड," ती म्हणाली. "द होल टाइम."

ताई खिडकीशीच होती. वळून म्हणाली, "आलात? दिसलं का टोक?"

तिच्या आवाजात राग असता तर मी खरं बोललो असतो. तिला फक्त ऐकायचं होतं.

"छे गं," मी म्हणालो. "धुकं होतं नुसतं. काही दिसलं नाही. तू आली नाहीस तेच बरं."

"इथे तर चांगलं ऊन आहे."

"वर वेगळं असतं."

"असेल," ती म्हणाली. "उंचावर असेल ना ते." आणि मला वाईट वाटलं असेल म्हणून तिने माझ्या पाठीवर हात फिरवला.

संध्याकाळी बोट सुटल्यावर सगळे एकत्र जेवायला बसलो. मला मित्राला सांगून ठेवायचं सुचलं नाही. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हे असं होतं, पुढचं सांभाळता येत नाही. सूप यायच्या आधीच त्याने फोन ताईपुढे धरला. "ताई, बघा, काय भारी फोटो आलाय."

ताईने चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. आमच्या चेहऱ्यांवर ती थांबली नाही. मागे जिथे कडा संपून समुद्र सुरू होत होता, तिथे बघत राहिली. बायको पाण्याचा ग्लास उचलून उगाच प्यायली.

"ऊन छान पडलंय," ताई म्हणाली, आणि फोन परत दिला.

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. नंतर मुलीला पाव तोडून दिला, मित्राच्या बायकोला तिच्या माहेरचं विचारलं. पुढचे चार दिवस बोट दक्षिणेला येत राहिली. रोज एखादं बंदर यायचं. मी प्रत्येक ठिकाणी तिला उतरवलं, हात धरून चालवलं, चर्च दाखवली, मासळीबाजार दाखवला. ती सगळीकडे आली, सगळं बघितलं. चांगलं आहे म्हणाली.

त्यानंतर तीन महिने ती ट्रुगानिनाला आमच्याकडे होती. मी रोज ठरवायचो की आज बोलायचं. शिफ्टवरून यायचो, ती ताट वाढून समोर बसायची आणि मी दुसरंच काहीतरी बोलायचो. माफी मागायची तर नेमकी कशाची, याचेही मी तुकडे करून पाहिले. न नेल्याची मागता आली असती. खोटं बोलल्याची मागायची तर त्या एकच्या बसचंही सांगावं लागलं असतं. ते तिला अजून माहीत नाही.

तिच्या जाण्याच्या आठवड्यात एका सकाळी ती स्वयंपाकघरात गावच्या काकूंशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. मी गराजमधून आत येत होतो. काकूंचा आवाज मोठा. "काय गं, ते टोक टोक म्हणत होतीस, ते बघितलंस का शेवटी? भावाने नेलं ना?"

मी दाराशीच थांबलो.

"नेलं की," ताई म्हणाली. "न्यायला काय, अगदी हात धरून नेलं. पण धुकं होतं बाई. पांढरं नुसतं. काही दिसेना."

"अगंबाई. एवढं लांब जाऊन?"

"नशीब एकेकाचं. त्याला बिचाऱ्याला फार वाईट वाटलं."

माझ्या खोट्यात तिने स्वतःला नेऊन उभं केलं होतं, माझ्या शेजारी, आणि गावात कुणी मला काही बोलू नये अशी सोय केली होती. तिला मी दाराशी दिसलो. ती थांबली नाही. काकूंना त्यांच्या गुडघ्याचं विचारलं, कुणाच्या तरी बारशाचं विचारलं, मग फोन ठेवला.

"ताई," मी म्हणालो.

"आज कचऱ्याची गाडी येते ना?" ती म्हणाली. "पिवळ्या झाकणाचा डबा आहे आज. हिरव्याचा पुढच्या आठवड्यात. जा, बाहेर ठेवून ये, नाहीतर निघून जाईल."

मी डबा ओढत रस्त्याच्या कडेला नेला.